डेलाफिल्डचा आरसा

१

शनिवारी सकाळी बेकरीतून बदामाच्या सारणाची गरम डच पेस्ट्री, बँकेट, घ्यायची, थर्मासात कॉफी भरायची आणि झीलंड गावाबाहेर गेरिटच्या शेडवर जायचं, हा माझा नवरा गेल्यापासूनचा नेम होता. गेरिट पोस्टमा माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे साठी उलटलेला, ताडमाड, टक्कल पडल्यावर थेट आमच्या वडिलांसारखा दिसणारा. जन्मभर त्याने ट्युलिपचे कंद विकले. हरितगृहं विकून टाकली तेव्हा त्याच्या बायकोला, कॉरिनला, वाटलं की आता मिशिगनचा बर्फ संपला, आता फ्लोरिडा. पण गेरिटने घरामागे लांबलचक पत्र्याची शेड बांधली आणि तिच्यात जुन्या गाड्या आणून उभ्या करायला लागला.

साध्या गाड्या नव्हेत. महायुद्धानंतर श्रीमंतांसाठी निघालेल्या. दारातून आत चालत गेलं की वर्षं पुढे सरकायची. दाराशी सत्तेचाळीसची पॅकार्ड, युद्धाआधीच्याच साच्याला थोडं सजवून विकलेली. तिच्या शेजारी एकोणपन्नासची कॅडिलॅक, मागच्या दिव्यांवर माशाचे पर नुकते फुटल्यासारखी. पुढची प्रत्येक गाडी आधीच्या गाडीहून लांब, बुटकी, जड, चकचकीत. शेवटी शेवटी तर परांची पाती झालेली. ह्यातल्या कित्येक गाड्या लोकांनी एके काळी पेट्रोल पितात म्हणून शिव्या देत भंगारात घातल्या होत्या, आणि आता त्यांचीच मुलं त्यांच्यासाठी देशभर वणवण करत होती.

आमचं काम सोपं असायचं. मी एकेका गाडीत बसून किल्ली फिरवायची, गेरिटने बॉनेटपाशी कान लावून उभं राहायचं. इंजिन गरम होईपर्यंत त्याची बडबड चालू.

"बघ लीडा, ह्या गाडीत काच हाताने फिरवायची. पुढच्या गाडीत त्याला बटण आलं. तिच्या पुढच्या गाडीत सीटलाही बटण. आणि ही तर समोरून कोणी आलं की आपले दिवे आपणच मंद करते! आपले बाप युद्धावरून परत आले ना, त्यांना आता बोटही उचलायचं नव्हतं. सगळं गाडीने करायचं."

"आणि उरलेलं कॉरिनने," मी म्हणायचे.

"कॉरिन कुठे ऐकते? गाड्या ऐकतात."

मग आम्ही दोघं बँकेट खायचो आणि मी घरी जायचे. वर्षानुवर्षं दुसरं काही घडलं नव्हतं.

२

त्या वर्षी बर्फ वितळल्यावर इंडियानातल्या एका शेतघरात त्याला डेलाफिल्ड सापडली.

डेलाफिल्ड हे नाव आता गाड्यांच्या वेड्यांखेरीज कोणाला माहीत नाही. पन्नाशीच्या दशकात ही कंपनी बड्या कंपन्यांना धूळ चारायला निघाली आणि चार प्रकारच्या गाड्या काढून बुडाली. सगळ्यांत मोठी गाडी रीजंट. काळी, छप्पर पोलादी, पॉलिश न केलेलं. तिची खासियत म्हणजे सीट. पुढची सीट अखंड, सोफ्यासारखी. आपल्या उंचीप्रमाणे ती एकदा पुढेमागे लावून ठेवली की पुढे नुसतं बटण दाबायचं. सीट आपली जागा आठवून तिथे जाऊन उभी राहायची. गेरिट ह्या गाडीबद्दल बोलायला लागला की कॉरिन उठून भांडी घासायला जायची. म्हणून इंडियानाला त्याच्यासोबत मी गेले.

विकणारी बाई ओडेसा रोरबाख, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत बाहेर आली. डावा हात तिने एप्रनच्या खिशात ठेवला होता. कोठाराचं दार ओढायला तो बाहेर काढला तेव्हा मी पाहिलं. चारही बोटं मधल्या सांध्यापाशी संपलेली, एका सरळ रेषेत.

गाडी बाहेरून नवी कोरी होती. गेरिट तिच्याभोवती एक फेरी मारून आला. पण आत डोकावला आणि कळवळला. समोरच्या काचेवरचा आरसा बुंध्यापासून उडवलेला, दांड्यावर हातोडीचे घाव. मागच्या सीटपुढचा गालिचा खरवडून काढलेला, त्या जागी प्लायवूडची फळी घट्ट स्क्रूंनी बसवलेली. आणि सीटच्या मोटरची तार पक्कडीने तोडून दोन्ही टोकं दोन दिशांना बांधून टाकलेली.

"हे कोणी केलं?"

"माझ्या नवऱ्याने."

"का पण?"

"गाडी अशीच चांगली चालते," ओडेसा म्हणाली. "तुम्हीही अशीच चालवा."

"बाई, प्रदर्शनात ह्याचे गुण कापतात."

"कापू देत."

परीक्षक असल्यासारखा गेरिट चाकांखाली टॉर्च मारत फिरायला लागला. मी ओडेसापाशी थांबले. हाताचं विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

"गाडीच्या खिडकीत सापडला," ती म्हणाली. "माझीच चूक. हात तिथे ठेवायला नको होता." रविवारच्या शाळेत मुलं उत्तर म्हणतात तसं ती एका सुरात म्हणाली.

"आणि तुमचे यजमान?"

"वारले. घरात. स्वतःच्या पलंगावर." हे मात्र तिने मान वर करून सांगितलं, जणू नवऱ्याने मोठी बाजी मारली होती.

आम्ही गाडी ट्रेलरवर चढवेपर्यंत ती व्हरांड्यात उभी होती, आमच्याकडे पाठ करून.

३

मे महिना गेरिटने शेडमध्येच काढला. गावात ट्युलिपचा उत्सव, रस्त्यावर लाकडी बूट घालून नाचणारी माणसं, आणि हा पोटावर झोपून तारा जोडतोय. गालिचा त्याने जुन्या नमुन्याबरहुकूम नवा विणून आणला, गर्द लाल वाइनच्या रंगाचा. आरसा ॲरिझोनातल्या कोणा माणसाकडच्या मोडक्या डेलाफिल्डचा मिळाला. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी ह्यावर पुष्कळ विचार केला. आरसा दुसऱ्याच गाडीचा होता. गालिचा तर काल विणलेला होता.

आरसा बसवला त्या शनिवारी गेरिटने माझ्यादेखत तो मागची काच दिसेल असा लावला. पुढच्या शनिवारी मी चालकाच्या जागी बसले, तर आरशात मागची काच नव्हती. आरसा खाली झुकलेला. त्यात पुढच्या सीटच्या पाठीची वरची कड दिसत होती, बस्स.

"तू हात लावलास?" मी गेरिटला विचारलं.

"मी कशाला लावू?"

"सांधा सैल असेल," मी म्हणाले. हायस्कुलात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेली बाई मी. सैल वस्तू वजनाने खाली येते, एवढं सोपं. मी आरसा बोटाने दाबून पाहिला. तो हलेना. अंगठ्याने जोर लावला तेव्हा कुठे करकरत वर गेला. गेरिटने सांधा अजून आवळला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा खाली होता. तेवढाच. सीटच्या कडेखेरीज काही न दाखवणारा आरसा असा झुकून काय उपयोग, हा माझ्या मनात आलेला विचार होता, आणि तो मला हास्यास्पद वाटला.

मग गेरिटने सीटची तार जोडली.

"बस," तो लहान मुलासारखा म्हणाला. "माझी जागा एक नंबरवर लावून ठेवलीय. बटण दाब, बघ कशी मागे जाते."

गेरिटचे पाय लांब, त्याची जागा म्हणजे सीट पार मागे. मी बटण दाबलं. पायांखालून हलकी गुणगुण ऐकू आली, शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत चालावं तशी. सीट पुढे जायला लागली. पुढे, आणखी पुढे. माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले, स्टिअरिंग छातीपासून चार बोटांवर आलं, तेव्हा ती थांबली.

"तार उलटी जोडलीस, शहाण्या."

"नाही गं," गेरिट डोकं खाजवत म्हणाला. "असं कोण बसेल? माणसाला श्वास घेता येणार नाही."

मी उतरण्याआधी सहज वर पाहिलं. सीट पुढे आल्यामुळे आता तिची पाठ मध्ये येत नव्हती. आरशात मागच्या सीटपुढचा गालिचा दिसत होता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरशाच्या चौकटीत नेमका बसलेला.

आरसा सैल नव्हता. बरोबर लावलेला होता. सीट तेवढी आता त्याच्या जागेवर आली होती.

४

ऑगस्टच्या प्रदर्शनाच्या माहितीपत्रकासाठी गेरिटला फोटो हवा होता: गाडीत हातमोजे आणि हॅट घातलेली बाई, त्या काळातली. कॉरिनने आधी नकार दिला, मग आईची हॅट शोधून काढली. ती बुटकी, गुबगुबीत, हसरी बाई होती. त्या दुपारी ती खरंच छान दिसत होती. ऊन होतं, सरोवराकडून वारा येत होता, मी पायरीवर बसून वाटाणे सोलत होते. गेरिट कॅमेरा घेऊन गाडीच्या पुढ्यात उभा होता. हेही मुद्दाम सांगते. तो पुढ्यात होता, दहा पावलांवर, माझ्या डोळ्यांसमोर.

"काच वर घे, काचेवर ढग दिसतील!" तो ओरडला. काचा वर गेल्या.

मग मला ती गुणगुण ऐकू आली.

"अरे, तुझी सीट मला बाहेर हाकलतेय बघ!" कॉरिन काचेआडून हसत म्हणाली. तिने बटण दाबलं, दुसरं दाबलं. मग तिने मान वळवायचा प्रयत्न केला, पण तोवर तिला वळायला जागा राहिली नव्हती. हॅट काचेवर आपटून पडली. आणि हॉर्न वाजायला लागला. ती तो वाजवत नव्हती. तिची छाती त्यावर दाबली जात होती.

गेरिटने दार ओढलं, उघडेना. तो जॅकचा दांडा आणायला धावला. मी वाटाणे उधळून बॉनेटकडे गेले आणि बॅटरीची तार दोन्ही हातांनी उपटून काढली. हॉर्न थांबला. गुणगुण थांबली.

सीट थांबली नाही.

समोरच्या काचेतून मी पाहिलं. मोटर बंद होती, गाडीत वीज नव्हती, आणि सीट आणखी बोटभर पुढे आली. मग आणखी बोटभर. कॉरिनचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता, चेहरा जांभळा. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला, आणि परत झाला. गेरिटने मागच्या दाराची काच फोडली, हात घालून दार उघडलं, सीटच्या पाठीला खांदा लावून रेटलं. ती एकदम सैल पडली, जणू कोणी सोडून दिली.

कॉरिनच्या नाकातोंडातून रक्त येत होतं. गेरिट तिला मांडीवर घेऊन तिचं नाव घेत राहिला. मी मदतीसाठी फोन केला आणि मग, का कोण जाणे, मागच्या उघड्या दारातून आत पाहिलं. काचांचा चुरा सगळीकडे पडला होता. पण गालिच्यावर, एका लांबट जागेत, खांद्यांना रुंद आणि खाली निमुळत्या, एक कण नव्हता. तिथली लव दबलेली होती.

संध्याकाळी हॉस्पिटलात कॉरिन शुद्धीवर आली. नाकाची नळी बाजूला करून म्हणाली, "लीडा, ती मोटर नव्हती."

"बोलू नकोस."

"पाठीत टाचा होत्या. दोन. सीटच्या आतून कळत होत्या मला." तिने डोळे मिटले. "उताणा पडून रेटत होता."

जुन्या सीटच्या स्प्रिंगा, मी स्वतःला सांगितलं. ताणलेल्या स्प्रिंगा वीज गेल्यावरही सुटतात. रात्रभर मी त्या स्प्रिंगांची गणितं मनात मांडत राहिले.

५

गेरिट पहिले काही दिवस हॉस्पिटलात आला. मग यायचा बंद झाला. फोन उचलेना. रविवारी चर्चमध्येही दिसला नाही, आणि आमच्याकडे त्याहून मोठी बातमी नसते. शनिवारी मी नेहमीसारखी गेले. बँकेट घेतली नव्हती, कॉफीचा थर्मास मात्र सवयीने उचलला होता.

तो डेलाफिल्डमध्ये होता. बॅटरी जोडलेली. सीट पार पुढे. स्टिअरिंग पोटात रुतलेलं, लांब पाय दोन्ही बाजूंना बेडकासारखे मुडपलेले, आणि नजर आरशात. खिडकी उघडी होती.

"कॉरिन विचारत होती तुला."

"बरी आहे ना?"

"बरगड्या मोडल्यात, फुप्फुसाला भोक पडलंय. बरी कसली?"

"हं." त्याने ओठ न हलवल्यासारखं म्हटलं, "जरा हळू बोल."

"का? कोण झोपलंय इथे?"

तो हसला. "झोपलेला नाहीये."

मला राग आला. रागच बरा वाटला. "उतर खाली. उतर म्हणते ना! साठी उलटली तुझी. बायको तिकडे नळ्या लावून पडलीय आणि हा इथे..." मी गळ्यातला रुमाल काढला, खिडकीतून डावा हात आत घातला आणि आरशावर टाकला.

गेरिटने आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. लहानपणी मी त्याला मारायचे, तो रडायचा. त्याने माझं मनगट धरलं, रुमाल झटकून दिला आणि माझा पंजा खिडकीच्या कडेवर आणून दाबला. दुसऱ्या हाताने बटण.

काच वर आली.

मी किंचाळले. ती थांबली नाही. त्या काळात अशा गाड्यांच्या काचा मध्ये काय आहे ते बघून थांबत नसत. बोटं छपराच्या पोलादी कडेशी पोचली आणि आतली हाडं एकामागून एक गेली. मी उजव्या हाताने काचेवर, दारावर गुद्दे मारत होते. गेरिट दचकलाही नाही. त्याला कळतही नव्हतं. तो माझ्याकडे बघत नव्हताच. तो आरशात बघत होता आणि मान डोलावत होता, हळूहळू, कोणी काही समजावून सांगतंय आणि पटतंय तशी. बटणावरचं बोट पांढरं पडलं होतं.

मला त्या क्षणी ओडेसा रोरबाखची बोटं आठवली नाहीत. ती नंतर आठवली. तिने हात तिथे ठेवला नव्हता. तिच्या नवऱ्याने ठेवला होता.

थर्मास माझ्या पायाशी पडला होता. मी तो कसाबसा उचलला आणि मागच्या दाराच्या फुटलेल्या खिडकीतून आरशाच्या दिशेने फेकला. तो आरशावर बसला. आरसा फुटला नाही, पण फिरला आणि छपराकडे बघायला लागला.

गेरिटचं बोट बटणावरून उचललं गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, नुकताच खोलीत आल्यासारखं.

"लीडा," तो म्हणाला. "तुझ्या हाताला काय झालं?"

६

"घेऊन जा ती गाडी," गेरिट म्हणाला. माझा हात तोवर प्लॅस्टरमध्ये होता. करंगळी गेली होती, बाकीची राहतील असं डॉक्टर म्हणत होते. कॉरिन घरी आली होती. "माझ्यासमोर नेऊ नकोस. मी बाहेर आलो तर नेऊ देणार नाही."

तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. कॉरिन चादर पांघरून त्याच्यासमोर बसली होती. त्याने तिला सांगितलं, "मी उठलो तर ओरड."

मस्कीगनजवळच्या भंगाराच्या यार्डातून लामार ट्रूसडेल त्याचा सपाट ट्रक घेऊन आला. अघळपघळ, दणकट, अखंड बोलणारा माणूस. डेलाफिल्ड बघून त्याने टोपी काढली.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? हिच्यासाठी लोक आपल्या आयाबहिणी विकतील."

"दाबायची. आज. माझ्यासमोर."

"मला द्या, मी माझी सासू बदल्यात देतो."

"लामार."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि साखळ्या आवळायला लागला.

सगळ्या रस्ताभर मी ट्रकच्या केबिनमध्ये बाजूच्या आरशात बघायचं टाळलं. यार्डात भर दुपारचं ऊन होतं. एका बाजूला चेपलेल्या गाड्यांच्या थप्प्या, चवड रचलेल्या वह्यांसारख्या सपाट. दाबयंत्र म्हणजे दोन पोलादी पाट, मध्ये गाडी ठेवायची, वरचा पाट खाली येतो. लामारने लोडरने डेलाफिल्ड आत सरकवली. त्याने सरावाने एकदा चारही बाजूंनी डोकावून पाहिलं.

"कधी कधी मांजरं असतात," तो म्हणाला. "काही नाही. चला."

त्याने दांडा ओढला. पाट खाली आला. पोलादी छपराला पहिल्यांदा टेकला तेव्हा घंटेसारखा नाद झाला. मग छप्पर कुरकुरत वाकायला लागलं.

आणि आतून कोणीतरी ठोकलं.

लामारने दांडा सोडला. आम्ही दोघं उभे राहिलो. वारा थांबलेला. मग पुन्हा. पत्र्याचा आवाज नव्हता तो. मऊ, जड, एकामागून एक, घाईचा. तळहातांचा.

"आत माणूस आहे!" लामार ओरडला. "आत माणूस आहे, बाई!"

"तू बघितलंस ना? कोणी नव्हतं."

"मग हे काय आहे?"

मी फोन काढला. कॉरिनने लगेच उचलला.

"गेरिट कुठे आहे?"

"इथेच. माझ्यासमोर."

"आत्ता? तुला दिसतोय?"

"वाटाण्याचं सूप पितोय, लीडा. का गं? काय झालं?"

"त्याला काहीतरी बोलायला सांग."

थोडं खरखरलं, आणि माझ्या भावाचा आवाज आला. "लीडा? झालं का?"

मी फोन खिशात टाकला. लामार गाडीकडे निघाला होता. छप्पर खाली आल्यामुळे मागच्या, गेरिटने न फोडलेल्या खिडकीची आता हातभर फट उरली होती, आणि तिच्यात दोन बुटांचे तळवे दिसत होते. आतून काचेला टेकलेले. गुळगुळीत झिजलेले, शहरी बुटांचे तळवे. ते रेटत होते. काच फुगल्यासारखी दिसली आणि फुटली.

लामार जागच्या जागी बसला. हात डोक्यावर.

दांडा मी ओढला. उजव्या हाताने, सगळा भार टाकून. ठोकणं वाढलं. मग त्यात आवाज आला, शब्द नव्हते, किंवा असतील तर मी ते ऐकले नाहीत. यंत्राच्या घरघरीत मी मोठ्याने आमच्या चर्चमधलं स्तोत्र म्हणायला लागले होते. छपराचे खांब मोडले. सीटच्या स्प्रिंगा तडतडत सुटल्या. मी दांडा सोडला नाही. ठोकणं एका हाताचं झालं. मग ते थांबलं. त्यानंतरही मी दांडा धरून होते, पाट पाटाला टेकेपर्यंत, यंत्र स्वतःच हिसका देऊन बंद पडेपर्यंत.

लामार उठला. चेपलेल्या ठोकळ्याच्या कडेने लाल काहीतरी झिरपत होतं आणि खालच्या पाटावरून मातीत ओघळत होतं.

"गिअरबॉक्सचं तेल लालच असतं," मी म्हणाले. "ह्या गाड्यांमध्ये लालच असतं."

"असतं," तो म्हणाला. "माहितीय मला."

त्याने वाकून दोन बोटं त्यात बुडवली. अंगठ्यावर घासली. नाकाशी नेली.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण त्याने तो फिरवला. तो ऑफिसच्या भिंतीशी असलेल्या नळाकडे गेला, नळ पूर्ण सोडला आणि हात धुवायला लागला. मी ट्रकपाशी वाट बघत उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्याने साबण मागितला, माझ्याकडे पाठ ठेवूनच, आणि पुन्हा धुवायला लागला.